विचारवंत की अनुवादक? (प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा)

तळटीप
काल इथे 'परखड' या सदस्याने लिहिलं की महाराष्ट्रात विचारवंत झालेच नाहीत, चांगले अनुवादक झाले. फुले म्हणजे मानवी हक्कांचा लेखक टॉमस पेन, आगरकर म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ मिल अधिक स्पेन्सर, आंबेडकर म्हणजे त्यांचे अमेरिकन शिक्षक, तत्त्वज्ञ ड्यूई. खाली 'सडेतोड!', 'नेमकं!' अशी रांग. रात्री दोनदा आडवा झालो, दोनदा उठलो.

फुल्यांनी पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं, मान्य. पण पेनमध्ये बळीराजा कुठे आहे? विष्णूचे अवतार म्हणजे एकामागून एक आलेल्या स्वाऱ्या, आणि खंडोबा-म्हसोबा म्हणजे बळीच्या राज्यातले अधिकारी, ही १८७३ सालच्या 'गुलामगिरी'तली मांडणी कुठल्या इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद आहे ते सांगा. पटली नाही तर नका पटवून घेऊ, इतिहास म्हणून मलाही सगळी पटत नाही. पण उचललेली नाही.

आता आंबेडकर. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात निबंध वाचला. वय पंचवीस. जातीचा गाभा एकच : लग्न जातीतच. तो टिकवायचा तर जातीतल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की बायको 'जास्तीची' होते. तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली तर पुरुष जास्तीचा, त्याला लहान मुलगी द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, तिन्ही एकाच हिशेबात बसवले. हे ड्यूईत नाही. निबंधात अनुकरणाचा नियम टार्ड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाकडून घेतलाय, तोही नाव घेऊन. आणि जातीवर लिहिणाऱ्या ज्या समाजशास्त्रज्ञ केतकरांचं कौतुक केलं, त्यांचीच व्याख्या दुरुस्त केली : तुम्ही सांगता ती दोन लक्षणं (जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच सदस्यत्व) म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन बाजू. अनुवादक मूळ लेखकाच्या चुका काढत बसत नाही.

परखड
एवढं लिहिलंत आणि मुद्दा सोडून लिहिलंत. १९३६च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात स्वतः बाबासाहेबच म्हणतात की ड्यूई माझे शिक्षक, त्यांचं माझ्यावर मोठं ऋण. ड्यूईंची वाक्यं त्यात जशीच्या तशी सापडतात. १९५२च्या जूनमध्ये मानद पदवी घ्यायला न्यूयॉर्कला गेले तेव्हा ड्यूई नुकतेच वारले होते. तेव्हाच्या पत्रात आपलं सगळं बौद्धिक आयुष्य त्यांचं देणं असल्याचं लिहिलंय. मुद्दई राजी, तुम्ही का नाराज?
आणि 'अनुवादक' ही शिवी आहे असं मी कुठे म्हटलं?

सुधारकी
आंबेडकर-फुल्यांसाठी सगळे धावले. आगरकरांसाठी कोण धावणार? त्यांच्या मागे मतं नाहीत ना. जिवंतपणी प्रेतयात्रा काढली पुण्याने, आता धाग्यातही काढा.
'मिल अधिक स्पेन्सर' म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं. स्पेन्सर सरकारच्या ढवळाढवळीच्या कट्टर विरोधात होता. १८९१च्या संमतिवयाच्या (मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या) कायद्याला आगरकरांनी उघड पाठिंबा दिला. अनुवाद करताना नेमकं उलटं भाषांतर झालं का?

परखड
ते मिल झालं मग.

सुधारकी
म्हणजे जिथे स्पेन्सर बसत नाही तिथे मिल, आणि जिथे मिल बसणार नाही तिथे उद्या कुणी जर्मन काढाल. वा.

सेट_पाचव्यांदा
तळटीप यांच्याशी सहमत. माझी जखम वेगळी आहे. १९१६च्या निबंधात वरच्याचं अनुकरण खालचे करतात हे स्पष्ट आहे. 'संस्कृतीकरण' ही कल्पना मांडणारं समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांचं कूर्गवरचं पुस्तक १९५२चं. पण अभ्यासक्रमात संस्कृतीकरणावर पूर्ण प्रकरण आणि आंबेडकर 'इतर विचारवंत' या मथळ्याखाली दीड पान.
आणि मराठी पारिभाषिक शब्दांबद्दल कुणीतरी बोला हो! जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरच्या 'आयडियल टाइप'ला आमच्या नोट्समध्ये 'आदर्श प्रारूप'. गेल्या परीक्षेत मी लिहून आलो की वेबरच्या मते नोकरशाही आदर्श असते. त्याला काय म्हणायचं होतं ते निकाल लागल्यावर कळलं.

कावळा_घाट
दोन्ही एक नव्हेत. श्रीनिवास सांगतात ते वरच्यांचे विधी, खाणंपिणं उचलून वर चढणं. आंबेडकर सांगतात ते एका जातीने लग्नाचं दार लावल्यावर बाकीच्यांची दारं लागणं. एक जिना, दुसरी कडी. दीड पान हा अन्यायच, पण त्यासाठी दोघांची खिचडी नको.
'आदर्श'वर मात्र शंभर टक्के सहमत. वेबरला म्हणायचंय की एखाद्या गोष्टीच्या काही बाजू मुद्दाम ठळक करून डोक्यात बनवलेला नमुना, जो प्रत्यक्षात जसाच्या तसा कुठेच सापडत नाही. चांगला-वाईट प्रश्नच नाही. उद्या दरोडेखोरीचाही 'आदर्श' नमुना काढता येईल.

पाटी_पेन्सिल
आदर्श म्हटलं की शिक्षकाला पुरस्कार आठवतो आणि मुंबईकराला इमारत. विद्यार्थ्याने काय करायचं?

कावळा_घाट
'शुद्ध नमुना' म्हणा.

वैद्य_नव्हे
शुद्ध नमुना लघवीचा असतो.

सेट_पाचव्यांदा
😂 'कल्पित नमुना'?

कावळा_घाट
कल्पित म्हणजे खोटा असं वाटतं. 'मनोघडित'?

पाटी_पेन्सिल
हे शब्द खोलीत बसून पाडायचे असतात का? मी २२ वर्षं शिकवतोय. मुलं 'आयडियल टाइप'च म्हणतात आणि त्यांना कळतं. शुद्धीच्या नादात मराठी माध्यमाची पोरं मागे राहिली. संस्कृत कोशातून काढलेला शब्द इंग्रजीपेक्षा परका असतो. ज्यांच्या घरी संस्कृत होतं त्यांनी हा उद्योग केला आणि भोगलं आमच्या पोरांनी.

सुधारकी
आलंच शेवटी! परिभाषेतही जात. आगरकरांनी मराठी वाक्यरचनेवर 'वाक्यमीमांसा' लिहिली, ती कुणाच्या पोरांना मागे ठेवायला?

पाटी_पेन्सिल
साहेब, मी जात म्हटलंच नाही. घर म्हटलं. जात तुम्हाला ऐकू आली.

सुधारकी
पुरे. भोळेपणाचं सोंग दोन प्रतिसादांपुरतंच छान दिसतं.

तळटीप
माझा धागा कुठे गेला?

एडिसनकर
वाहून. 🙂 गेल्या उन्हाळ्यात मुलाला कोलंबियात घेऊन गेलो होतो. लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. मुलगा म्हणाला, यांना इथे कोणी शिकवलं? मी ऐटीत म्हटलं, जॉन ड्यूई. तो म्हणाला, मग त्यांचा पुतळा कुठाय? मला ठाऊक नव्हतं. परखड, मुद्दा काही नाही, आठवलं म्हणून.

उंबरठा
मी सहसा वाचून निघून जाते. तो १९१६चा निबंध मी कॉलेजात वाचला तेव्हा मला टार्डही आठवला नाही आणि ड्यूईही. पणजी आठवली. आलवणातली. मी चार वर्षांची असताना गेली, पण स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीतलं तिचं बसणं डोळ्यांसमोर आहे. लग्न नवव्या वर्षी, विधवा तेराव्या. घरात तिच्याविषयी नेहमी 'नशीब' हा शब्द ऐकला होता. त्या निबंधात पहिल्यांदा वाचलं की ती जातीच्या हिशेबात जास्तीची ठरली होती. 'जास्तीची.' दोन दिवस जेवण गेलं नाही. परखडजी, हे कोणी कोणाकडून उसनं घेतलं ते तुम्ही ठरवा, मला त्याने फरक पडत नाही.

परखड
ताई, याला मी काय उत्तर देणार. दुःखावर वाद होत नाही. पण तुमच्या पणजीने माझं विधान खोटं ठरत नाही, एवढंच नम्रपणे.

कावळा_घाट
'नम्रपणे' लिहिलं की नम्र होतं का?

तळटीप
परखड, ड्यूईंची वाक्यं आहेत, हे मी कधी नाकारलं? ती कुठे वापरली ते बघा. ड्यूई सांगत होते अमेरिकेतल्या शाळांचं : समाजाने जुनं सगळं जपून ठेवायचं नसतं, भविष्य चांगलं घडवेल तेवढंच पुढे द्यायचं. ते वाक्य लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात आलं, की थेट धर्मग्रंथांवर जाऊन पडलं. मंडळ इतकं हबकलं की भाषणच होऊ शकलं नाही, बाबासाहेबांना ते स्वतः छापावं लागलं. ड्यूईंच्या वाक्याने अमेरिकेत कोणाची सभा रद्द झाली होती?
आणि १९५४च्या आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबच म्हणतात की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच क्रांतीतून घेतली नाही, बुद्धाकडून घेतली. मुद्दईची साक्ष घ्यायची तर दोन्ही दिवसांची घ्या.

परखड
बरं. फुल्यांचं बळीराजाचं मान्य, ते पेनमध्ये नाही. आगरकर सोडून देतो, नाहीतर सुधारकी झोपणार नाहीत. आंबेडकरांबाबत 'अनुवादक' मागे घेतो, 'ऋणको' ठेवतो. खूश? हार-तुरे पाठवू?

तळटीप
ऋणको चालेल. काल तुम्ही तारण म्हणून आख्खा माणूस ठेवून घेतला होता.

सुधारकी
'सोडून देतो' म्हणजे काय? मान्य करा.

सेट_पाचव्यांदा
मंडळी, पेपर रविवारी आहे. एकच शब्द सांगा, कुठलाही.

पाटी_पेन्सिल
'आदर्श प्रारूप'च लिही बाबा. तपासणाऱ्याकडेही त्याच नोट्स आहेत.