नदीकाठाने दौड भरवताना : अनुभव धागा (खान्देश)

थंडी पडली की गिरणा, पांझरा, तापीच्या काठाने कुणी शाळेच्या खोलीसाठी, कुणी डायलिसिसच्या खर्चासाठी दौड ठरवतं. अशा दौडीत मार्ग, पाणी, हिशेब सांभाळणाऱ्यांनी नेमकं लिहा: काय लागतं, किती लागतं, कुठे बिघडतं. सत्कार-समारंभाचं वर्णन नको.

गिरणाकाठ, मार्ग आखणी

अंतर मोबाईलवर मोजू नका. झाडी आणि वळणं आली की जीपीएस चुकतो, आणि १० किमी म्हणून ९.७ पळवले तर पळणारे पुढच्या वर्षी येत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारा काउंटर लावा, आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ ३०० मीटरवर त्याचे आकडे बसवून घ्या, मग मार्ग मोजा. वळणावर आतल्या कडेपासून साधारण ३० सेंमीवरून चाक न्यायचं, कारण पळणारा तिथूनच जातो. शेवटी दर किलोमीटरला १ मीटर जास्त धरायचा.

जाऊन-येऊन मार्ग असेल तर गाडवाट किमान ३ मीटर रुंद हवी. काळ्या मातीवर अवकाळीची एक सर पडली तरी बुटाला पेंड चढते, मग कुणी पळूच शकत नाही. तेवढ्या तुकड्यावर मुरूम टाका, पण रोलर फिरवून. सुटा मुरूम घोटा मुरगाळतो. फुफाटा असेल तिथे ५०० मीटरला ५,००० लिटरचा एक टँकर, आदल्या संध्याकाळी. सकाळी मारलं की निसरडं होतं.

केळीच्या बागेतून आडवा गेलेला पाइप असतोच. तो हलवू नका, शेतकरी दादांना सांगून दोन्ही बाजूंनी माती लावून उतार करा आणि वर फक्कीचा ठळक पट्टा मारा. फरशी पुलाचं (पाणी वरून वाहतं त्या बुटक्या पुलाचं) मात्र तारीख ठरवण्याआधीच बघा: गिरणा धरणाचं आवर्तन, म्हणजे ठरावीक पाळीचं पाणी, कधी सुटणार, हे पाटबंधारे कार्यालयात विचारा. पाणी उतरलं तरी फरशीवर शेवाळ राहतं. ते तारेच्या ब्रशने घासून वर वाळू पसरावी लागते.

पांझराकाठ, धुळे

वरच्या भाऊंच्या यादीत शेतीची लाईट जोडा. आठवड्याची पाळी रात्रीची असेल तर लोक रात्रभर पिकाला पाणी भरायला बाऱ्यावर असतात, आणि कोरडा पाहिलेला रस्ता पहाटे चिखल झालेला असतो. वायरमनला पाळी विचारा आणि दिवसाच्या लाईटचा आठवडा धरा. फडाच्या भागात (जिथे गाव मिळून पाटाचं पाणी वाटून घेतं) पाटाच्या कडेने मार्ग नेत असाल तर पाटकऱ्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला, आधी भेटा. पाटाला कधी पाणी येणार ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलिसांची परवानगी हे लागतंच, पण बांधावरच्या माणसाला न विचारता निशाण रोवलं तर सकाळी ते जागेवर सापडत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पाणी आणि खाणं

५०० जण, १० किमी, दर अडीच किलोमीटरला टेबल. इथे हमखास चुकणारा हिशेब असा: जाऊन-येऊन मार्गावर अडीचचं टेबल साडेसातलाही तेच असतं. म्हणजे ग्लास ५०० नाहीत, १,००० लागतात. सांडण्यासकट ग्लासामागे १५० मिली धरा. १५० लिटर होतात, २० लिटरचे ८ जार. १० ठेवा. ग्लास अर्धाच भरा, पळताना भरलेला ग्लास नाकातोंडात जातो.

मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण लिटरला ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. २० लिटरच्या जारला १२० चमचे साखर, १० चमचे मीठ, आणि हे पहाटे अंधारात मोजायचं काम नाही. आदल्या दिवशी जारप्रमाणे पुड्या बांधा. मीठ जास्त झालं की मळमळतं.

केळी आपल्याकडे बागेतून फुकट मिळतात, पण कच्ची. पिकवायला चार-पाच दिवस आधी वखारीत द्या. अर्धी कापून, सालीसकट, आणि फक्त शेवटच्या रेषेच्या पलीकडे. वाटेत दिली की साल पायाखाली येते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत जरूर ठेवा, पण बक्षिसं झाल्यावर. धाप लागलेल्या पोटाला तेल-मिरची सोसत नाही.

वैद्यकीय आणि मागची बाजू

दर ५०० मीटरला खांबावर मोठा क्रमांक लिहा. "नदीजवळ, लिंबाच्या झाडापाशी कुणी पडलंय" यावरून कुणी सापडत नाही. "खांब १३" म्हटलं की सापडतं. खोलगट काठाला रेंज जाते, तिथे मोटारसायकलवाला उभा करा. रुग्णवाहिका कुठवर येते आणि कुठे वळते ते गाडी नेऊनच बघा. त्यापुढच्या टप्प्यासाठी स्ट्रेचर हवं. वाळू उपशाने पात्रात खोल खड्डे झालेत, वरून दिसत नाहीत. फोटोसाठी उतरणाऱ्यांना अडवायला अशा प्रत्येक जागी दोन माणसं आणि दोर.

झाडांवर आग्या मोहोळ आहे का ते आठवडाभर आधी पाहा. असेल तर फटाके, धूर, ड्रोन तिन्ही बंद.

सर्वांत मागे सायकलवर एक जण. त्याच्या मागे कुणी नाही याची खात्री झाली, सुटलेले आणि पोचलेले आकडे जुळले, की मगच टेबलं उचलायची. शेवटची येणारी बहुधा गावातलीच एखादी काकू असते, काठावरची पोरं "पय वं माय, पय" (पळ गं माय, पळ) ओरडत सोबत येतात, आणि तिला पाणी मिळालंच पाहिजे.

तापीकाठ, तारीख आणि हिशेब

जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून पावणेसातच्या आधी सोडू नका. वाट दिसत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र नऊलाच ऊन चटकतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईनगरची, तेव्हा त्या रस्त्यांवर पोलीस मोकळे नसतात. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात, तिथे डीजे नको. हलगी पुरते.

पैशांचं: प्रवेश शुल्क आणि देणगी यांची पावतीपुस्तकं वेगळी ठेवा. टी-शर्ट, नाश्त्याच्या बदल्यात घेतलेलं शुल्क देणगी म्हणून दाखवू नका. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, त्याला आधी सांगा. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कार्यालयात विचारल्याशिवाय देणगी गोळा करू नये. मंडप, टी-शर्ट, पदकं यांचा खर्च प्रायोजकांकडून आधी भागवा. तो शुल्कातून काढला की शाळेसाठी फार थोडं उरतं. जमा-खर्चाचा कागद आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि ज्यांच्या बांधावरून दौड गेली त्यांच्या घरी एकेक प्रत द्या.