मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनो, समाधानी आहात का?

काल माळा आवरताना कमरेचा पट्टा सापडला. हातात घेतला आणि तीन वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. कमरेतल्या एल४-एल५ या दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली होती, कमरेपासून अंगठ्यापर्यंत कळ. मायक्रोडिस्केक्टमी झाली, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा सरकलेला भाग काढला. शुद्धीवर आले तर पायातली कळ गायब! आनंदाने रडले. पण पाऊल बधिर ते बधिरच, कंबरही दुखायची. वाटलं, ऑपरेशन फसलं. हे ऑपरेशन मुळात पायाच्या कळेसाठी असतं, कंबरदुखी थांबेलच असं नाही, एवढं कुणी आधी नीट सांगायला हवं होतं. तुमचं काय?

बधिरपणा कधी गेला तुमचा? मला पाच आठवडे झालेत, फार भीती वाटतेय.

आठ महिने लागले. अंगठ्याशी अजून किंचित आहे. नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, वेळ लागतोच हो. घाबरू नका.

मिस्टरांचं फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडायचं ऑपरेशन, चार स्क्रू. वाकायचं नाही, वळायचं नाही, वजन नाही. उठताना आधी कुशीवर, अख्खं अंग एकदम. शिंक आली की आम्हीच श्वास रोखायचो. सिगारेट ऑपरेशनआधीच बंद करायला लावली, हाड जुळायला अडथळा होतो म्हणून. तेव्हा सुटली ती सुटलीच! बेल वाजतेय, येते नंतर.

सिगारेट सुटली हे वाचून फार बरं वाटलं ताई. बाबांना दाखवते.

मी अर्धा समाधानी. अकरा महिन्यांनी त्याच जागी गादी परत बाहेर आली. असं होऊ शकतं हे तेव्हा कळलं. दुसऱ्या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले, उत्तरं मिळेपर्यंत उठलो नाही.

माझं ऑपरेशन झालंच नाही. गोळ्या, फिजिओ, तीन महिन्यांत कळ ओसरली. बऱ्याच जणांची गादी आपोआप आकसते. पायातली ताकद जात नसेल तर थोडं थांबून बघता येतं, डॉक्टरांना विचारून.

पण लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर एक तासही थांबू नका!! भावाला रात्रीच नेलं, म्हणून आज चालतोय.

बापरे. आता कसा आहे?

बरा आहे. काठीही सुटली.

पाच आठवडेवाल्या ताई, रोज थोडं चालताय ना?

हो, दहा मिनिटं, दोनदा. तुम्ही तो पट्टा टाकला का?

नाही. परत माळ्यावर ठेवला.