जन्मभराची खुर्ची: अलाबामाच्या फ्रँक जॉन्सनना कुणी निवडून दिलं होतं?

तालुका_कोर्ट (धागाकर्ती)

मी २६ वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करते आहे. आमच्याकडे न्यायाधीश साधारण तीन वर्षांनी बदलून जातात. साक्षी निम्म्या झालेल्या असतात, नवे साहेब येतात, फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतात. पक्षकार मला विचारतो, "आधीच्या साहेबांनी सगळं ऐकलं होतं ना, मॅडम?" यावर मला आजवर नीट उत्तर देता आलेलं नाही.

म्हणून फ्रँक जॉन्सन यांच्याबद्दल लिहिते आहे. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीच्या फेडरल कोर्टात नेमलं, म्हणजे राज्याच्या नव्हे, केंद्राच्या कोर्टात. हे अपिलाचं कोर्ट नव्हतं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि पुरावा पहिल्यांदा नोंदला जातो, ते खालचं कोर्ट. वय ३७. निवृत्तीचं वय नाही, बदली नाही, पगार कमी करता येत नाही. काढायचं तर सिनेटसमोर महाभियोग चालवावा लागतो, आणि अमेरिकेच्या आजवरच्या इतिहासात असे फक्त आठ न्यायाधीश काढले गेले. १९७९ मध्ये अपील कोर्टात बढती मिळेपर्यंत जॉन्सन त्याच कोर्टात २४ वर्षं बसले.

नेमणुकीनंतर काही आठवड्यांतच माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार सुरू झाला. जून १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, आणि त्या दोनांत जॉन्सन होते. पुढे १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. आई वाचल्या.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो १९५९ चा प्रसंग. जॉर्ज वॉलेस हे जॉन्सन यांचे लॉ कॉलेजातले सहाध्यायी आणि तेव्हा तेही न्यायाधीशच, पण राज्याच्या कोर्टात मतांवर निवडून आलेले. मतदार नोंदणीत कृष्णवर्णीयांना डावललं जातं का, हे तपासायला केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने वॉलेस यांच्या ताब्यातलं नोंदणीचं दप्तर मागितलं. जॉन्सन यांनी ते देण्याचा आदेश काढला. वॉलेस लोकांसमोर गरजत राहिले की देणार नाही, आणि मागच्या दाराने ग्रँड ज्युरींमार्फत (आरोप ठेवायचे का हे ठरवणारी नागरिकांची मंडळं) ते दप्तर आयोगापर्यंत पोचेल अशी तजवीज केली. दप्तर पोचलंय म्हटल्यावर जॉन्सन यांनी त्यांना कोर्टाच्या अवमानाच्या आरोपातून मोकळं केलं. वॉलेस यांनी मात्र आपण केंद्राला नमवलं असा डंका पिटला आणि १९६२ मध्ये ते गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले. एकाच कॉलेजातून निघालेले दोन न्यायाधीश. एकाला पुढच्या निवडणुकीचा हिशेब होता, दुसऱ्याला नव्हता. खुर्ची सुरक्षित असली की न्याय सुरक्षित राहतो, असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

मंत्रालय_निवृत्त

असहमत. तुम्ही १९५६ दाखवलंत, मी १९७२ आणि १९७६ दाखवतो.

टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयाच्या खटल्यात जॉन्सन यांनी १९७२ मध्ये किती रुग्णांमागे किती कर्मचारी हवेत, इथपर्यंत किमान निकष आखून दिले. १९७६ मध्ये तुरुंगांची पाळी. एका कोठडीला किमान ६० चौरस फूट जागा, आणि देखरेखीला ३९ जणांची समिती. ही समिती पुढे अपील कोर्टानेच रद्द केली.

मी ३१ वर्षं शासनात काम केलं. अंदाजपत्रकात एका खात्याला दहा रुपये वाढवले की दुसऱ्याचे कमी करावे लागतात, आणि कुणाचे कमी केले याचा जाब विधानसभेत द्यावा लागतो. जॉन्सन यांनी तो कुणाला दिला? तुम्ही म्हणता खुर्ची सुरक्षित. मी म्हणतो, २४ वर्षं एकाच प्रांतात बसलेला, जाब न देणारा माणूस म्हणजे सुभेदार. हेतू कितीही चांगला असो.

निवांत_वाचक

निकाल पटला की न्यायाधीश निर्भीड, नाही पटला की सुभेदार. दोन्ही बाजूंनी हेच होतंय.

अटलांटाकर

मी इथे, शेजारच्या जॉर्जियात २० वर्षं राहतो. धागाकर्तीच्या मांडणीत एक नाव राहून गेलंय: विल्यम हॅरॉल्ड कॉक्स, मिसिसिपी राज्यातले न्यायाधीश.

तेच फेडरल कोर्ट, तीच तहहयात नेमणूक, राज्यघटनेतलं तेच कलम. १९६१ मध्ये केनेडींनी नेमले. मतदार नोंदणीसाठी आलेल्या कृष्णवर्णीयांची तुलना या गृहस्थांनी भर कोर्टात चिंपांझींशी केली. १९६४ मध्ये मिसिसिपीत तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला, त्या प्रकरणातले बरेचसे आरोप त्यांनी आधी रद्दच केले होते. १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा उभे केले. कॉक्सना कुणी हात लावू शकलं नाही. ज्या भिंतीआड जॉन्सन सुरक्षित होते, त्याच भिंतीआड कॉक्सही होते. मग भिंतीचं कौतुक कशाला? कौतुक माणसाचं करा.

आणि जॉन्सनही नेहमी बरोबर नव्हते. अलाबामातल्या टस्कीगी शहराची हद्द विधिमंडळाने १९५७ मध्ये अशी कापली की चौकोनाचा २८ बाजूंचा आकार झाला आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे शहराबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. तो दावा जॉन्सन यांनी फेटाळला. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांना चूक ठरवलं.

तालुका_कोर्ट

कॉक्सचा मुद्दा मला झोंबला, आणि तो खरा आहे. टस्कीगीही खरं. पण त्या दोन्ही चुका वरच्या कोर्टाने दुरुस्त केल्या, आणि खालच्या कोर्टाच्या चुकीवर तेच औषध असतं. निवडणुकीच्या भीतीवर मात्र अपील करता येत नाही.

@मंत्रालय_निवृत्त, अलाबामातल्या सेल्मा गावचा क्रम पाहा. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी पुलावर झोडपलं. वकील जॉन्सनकडे गेले, तर त्यांनी आधी मोर्चालाच मनाई केली आणि सुनावणी होईपर्यंत थांबा म्हणाले. तेव्हा माणसं किती चिडली असतील! मीही चिडले असते. मग त्यांनी साक्षी घेतल्या, राज्याचीही बाजू ऐकली, आणि १७ मार्चला मोर्चाला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा तेवढा निषेधाचा हक्क मोठा, असं त्या आदेशाचं सूत्र होतं. तरीही रस्ता जिथे दुपदरी होतो तिथे फक्त ३०० माणसं, ही अट त्यांनी घातलीच. सुभेदार असं करत नाही. पुरावा ऐकणारा माणूस असं करतो.

अटलांटाकर

त्या मनाईमुळे ९ मार्चला मोर्चा पुलावरून मागे फिरला, आणि त्याच रात्री जेम्स रीब या धर्मगुरूंना सेल्मात मारहाण झाली. ११ तारखेला ते गेले. मारहाणीचा दोष मी जॉन्सनना देत नाही. पण साक्षी होईपर्यंत थांबा, याची किंमत नेहमी खालच्या माणसानेच मोजायची का, हा प्रश्न मला सोडत नाही.

धाकटी_बहीण

मला अमेरिकेचं राजकारण कळत नाही. ब्राइसबद्दल लिहिते.

माझा थोरला भाऊ काही वर्षं एका मनोरुग्णालयात होता. नाव लिहीत नाही. भेटीच्या दिवशी मी डबा न्यायचे आणि तो अर्धा डबा शेजारच्या खाटेवरच्याला द्यायचा, कारण त्याला भेटायला कुणीच येत नव्हतं. एका मोठ्या वॉर्डाला रात्री एकच परिचारक. मी तक्रार केली, तर उत्तर आलं की पदं मंजूर नाहीत.

ब्राइसमध्ये सुमारे ५,००० माणसं होती. १९७० मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून तिथले कर्मचारी कमी केले आणि त्यातून हा खटला उभा राहिला. मंत्रालयकाका, तुम्ही म्हणता सरकार विधानसभेला जाब देतं. माझ्या भावाचं मतदार यादीत नावसुद्धा नव्हतं. त्याच्या वतीने विधानसभेत कोण विचारणार होतं? किती माणसांमागे किती परिचारक, हे कुणीतरी कागदावर लिहून सही केली असती, तर मी तो कागद उराशी धरून त्या कार्यालयात गेले असते.

निवांत_वाचक

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

मंत्रालय_निवृत्त

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

माझं म्हणणं सोडत नाही. ब्राइसचा तो खटला २००३ मध्ये बंद झाला. ३३ वर्षं! न्यायाधीश निकष लिहितो, पैसा उभा करू शकत नाही, म्हणून एवढी वर्षं लागली. पैसा शेवटी निवडून आलेल्यांनीच द्यायचा असतो, आणि त्यांना ते करायला लावणं हे आपलं सगळ्यांचं काम आहे.

पण मूळ धाग्यातल्या बदलीच्या मुद्द्यावर मला एक कबूल करायचंय. सरकारतर्फे शपथपत्रं घेऊन मी अनेकदा कोर्टात बसलो आहे. नवे साहेब आल्याचं कळलं की आमचे वकील पहिल्याच तारखेला मुदत मागायचे. मुदत मिळायची. समोर बाकावर बसलेली माणसं तीच असायची, आदल्या साहेबांच्या वेळची, आणि मी त्यांच्याकडे पाहायचं टाळायचो.