मदत हवी आहे: इरल्यांना भुंगा लागलाय, −२० अंशांची जागा कुठे मिळेल?

ठाण्यातल्या आमच्या छोट्या आगरी-कोळी वस्तुसंग्रहालयात बांबूची इरली (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायची बांबू-पानांची आच्छादनं) आणि सुपं किडली आहेत. वाळवी नाही, कारण मातीचा माग नाही. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा. काळ्या कागदावर ठेवलं की दुसऱ्या दिवशी ताजा भुसा दिसतो, म्हणजे अळ्या जिवंत आहेत.

लागण झालेल्या वस्तू ब्रशने साफ करून पिशव्यांत वेगळ्या ठेवल्यात. कडुनिंबाचं तेल लावून झालं, ते आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. रॉकेल, वॉर्निश, ऊन कृपया सुचवू नका. इरल्यावरची पळसाची पानं उन्हाने तडकतात.

पॉलिथिनमध्ये हवाबंद करून −२० अंशांवर २ आठवडे गोठवायचं ठरलंय. नंतर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर वस्तूवरच दव धरतं. इरलं ४ फुटी, दुमडत नाही, त्यामुळे घरगुती डीप फ्रीझर बाद. तुर्भ्याकडची शीतगृहं खाद्यमालाशेजारी किडकी वस्तू घेत नाहीत (बरोबरच आहे म्हणा).

ठाणे-नवी मुंबईत स्वतंत्र छोटी −२० ची खोली किंवा रेफ्रिजरेटेड टेम्पो कुणी भाड्याने देतं का? ते नसेल तर पिशवीतला ऑक्सिजन काढून अळ्या गुदमरवायच्या; त्यासाठी ऑक्सिजन शोषक पुड्यांसोबत लागणारी बॅरियर फिल्म (ऑक्सिजन आत न शिरू देणारं प्लास्टिक) सुट्या मीटरने कुठे मिळेल?