अचिमोटा शाळेचं श्रेय नक्की कुणाला द्यायचं?

किनारा (धागालेखक)

घानाची राजधानी अक्रा. या शहराच्या उत्तरेला अचिमोटा नावाची सरकारी निवासी शाळा आहे. २८ जानेवारी १९२७ रोजी गव्हर्नर गॉर्डन गुगिसबर्गच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. म्हणजे २०२७ मध्ये शंभरी. त्या निमित्ताने तिचा इतिहास पुन्हा सांगितला जाईल आणि 'साहेबाने आपले कारकून घडवायला काढलेली शाळा' एवढ्या एका वाक्यात तो गुंडाळला जाईल, अशी मला धास्ती आहे. हे वाक्य मला साफ अमान्य आहे.

गुगिसबर्ग मूळचा कॅनडात जन्मलेला, पेशाने भूमापक. १९१९ ते १९२७ या काळात तो गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा, गव्हर्नर होता. ताकोराडीचं बंदर आणि अक्र्यातलं कोर्ले बू रुग्णालय ही त्याच्या कारकिर्दीतली कामं. पण त्याचा जीव होता तो या शाळेत. बालवाडीपासून थेट लंडन विद्यापीठाच्या परीक्षांपर्यंतचं शिक्षण एकाच आवारात, तेही मुलामुलींना एकत्र, ही कल्पना त्या काळात त्याच्या वरिष्ठांना परवडणारी नव्हती आणि पटणारीही नव्हती. त्याने ती रेटून नेली. सहा लाख पौंडांहून जास्त खर्च केला.

माणसंही त्याने पारखून आणली. मुख्याध्यापक ॲलेक फ्रेझर, सिलोनमधल्या कँडीच्या ट्रिनिटी कॉलेजात वीस वर्षं काढलेला. आणि अनोमाबू गावचे, फान्टे समाजातले जेम्स क्वेगिर ॲग्री, ज्यांनी अमेरिकेत राहून शिक्षण आणि अध्यापन केलं होतं. शाळेच्या चिन्हावर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत त्या ॲग्रींमुळे. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर किंवा नुसत्या काळ्या पट्ट्यांवर कसाबसा एखादा सूर निघेल, पण सुसंवाद हवा असेल तर दोन्ही वाजवाव्या लागतात, असं ते सांगत.

या शाळेने काय दिलं ते पाहा. स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा इथेच १९३० मध्ये शिक्षक म्हणून तयार झाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले एडवर्ड अकुफो-आडो, जेरी रॉलिंग्ज आणि जॉन अट्टा मिल्स इथलेच. गांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष दाऊदा जवारा इथे विज्ञान शिकायला आले होते. साम्राज्याने स्वतःच्या पैशाने स्वतःला निरोप देणारी पिढी घडवली, याचं दुसरं इतकं ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. गुगिसबर्गचं नाव म्हणून आदराने घ्यावं असं मला वाटतं.

रानवाट

किनारा, 'स्वतःच्या पैशाने' हे शब्द आधी मागे घ्या. वसाहतीने आपला खर्च आपणच भागवायचा, हे लंडनचं धोरण होतं. गोल्ड कोस्टची तिजोरी भरत होती ती कोकोवर. १९११ पासून हा प्रदेश जगातला सर्वांत मोठा कोको निर्यातदार होता आणि तो कोको कुठल्या गोऱ्या मळेवाल्याने पिकवलेला नव्हता. तिथल्या शेतकऱ्यांनी रान तोडून, स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या हिमतीने लावलेली झाडं होती ती. निर्यातीवरचा कर त्यांच्या घामातून आला. ते सहा लाख पौंड त्यांचे. गव्हर्नरने सही केली, एवढंच.

दुसरं. अचिमोटापूर्वी तिथे काळोख होता असा तुमच्या लेखाचा सूर आहे. केप कोस्टची म्फान्त्सिपिम शाळा १८७६ ची आहे. मेथडिस्ट मिशनची खरी, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती डबघाईला आली तेव्हा तिला पुन्हा उभं करण्यात जॉन मेन्सा सार्बा या आफ्रिकी वकिलाचा मोठा हात होता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान त्या शाळेचे. पश्चिम आफ्रिकेला स्वतःचं विद्यापीठ हवं, ही मागणी गोल्ड कोस्टमधले वकील आणि लेखक केसली हेफर्ड यांनी १९११ मध्येच मांडली होती. लोक मागत होते विद्यापीठ, त्यांना मिळाली एक शाळा, आणि आभार मानायचे गव्हर्नरचे?

आणि ॲग्रींचं म्हणाल, तर सुरुवातीच्या वरिष्ठ अध्यापकांत ते एकटे आफ्रिकी होते आणि त्यांचं पद होतं सहायक उपमुख्याध्यापक. सहायक, आणि तेही उप! पियानोच्या पट्ट्यांची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला त्याच पियानोसमोर कुठे बसवलं ते बघा.

शाळामास्तर

रानवाट यांचा पैशाचा मुद्दा बिनतोड आहे. पण शाळा कुणाच्या पैशाने उभी राहिली हा एक प्रश्न आणि तिथे वर्गात काय शिकवलं गेलं हा दुसरा. मी आयुष्यभर शिकवण्याचंच काम केलं, त्यामुळे मला दुसऱ्यात जास्त रस आहे.

एफ्राइम आमू हे नाव घेतो. संगीतकार आणि शिक्षक. अक्रोपाँगच्या प्रेस्बिटेरियन अध्यापक महाविद्यालयात शिकवत होते. चर्चमध्ये सूट-बूट न घालता देशी वस्त्र पांघरून प्रवचनाला उभे राहिले आणि प्रार्थनेत आफ्रिकी वाद्यं आणली, म्हणून १९३३ मध्ये त्यांना तिथून काढण्यात आलं. त्यांना आपल्याकडे घेतलं कुणी? अचिमोटाने. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना ढोल, बासरी आणि आपल्या भाषेतली समूहगीतं शिकवली. ट्वी, फान्टे, गा, एवे या भाषांना शाळेत जागा होती. पुराणवस्तू गोळा करून तिथे एक संग्रहालय उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायकेल कार्ड्यू हे कुंभारकामातले मोठे कलावंत तिथे होते. कारकून घडवायचे असतील तर भट्टी आणि ढोल कशाला लागतात?

फ्रेझरबद्दल एक गोष्ट इथल्या वाचकांना जवळची वाटेल. १९१९-२० मध्ये हिंदुस्थानातल्या खेड्यांमधल्या शिक्षणाची पाहणी करायला मिशनरी संस्थांनी जो आयोग नेमला, त्याचा अध्यक्ष हाच फ्रेझर होता. कँडीतही त्याने सिंहली आणि तमिळ यांना मान दिला होता. हा माणूस अक्र्यात आला तो ही शिदोरी घेऊन. १९३५ पर्यंत तो तिथे राहिला.

रानवाट

मास्तर, आमूंना घेतलं याबद्दल मनापासून आदर आहे. पण ढोल शिकवणं आणि सत्ता देणं यात फरक करा. त्या काळच्या गोल्ड कोस्टमधल्या कित्येक सुशिक्षितांना देशी भाषा आणि हस्तकला यांचा आग्रह संशयास्पद वाटायचा, कारण अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना 'हातांचं शिक्षण' देऊन मतपेटीपासून लांब ठेवायची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांना लॅटिन हवं होतं, वकिली हवी होती. तो संशय अगदीच निराधार नव्हता.

एन्क्रुमांनीही ॲग्रींना गुरू मानलं, पण पट्ट्यांचं तत्त्वज्ञान जसंच्या तसं उचललं नाही. समानता असेल तरच सुसंवाद, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३५ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यांचं राजकारण तिथे आणि पुढे लंडनमध्ये घडलं. त्याचं श्रेय शाळेच्या खात्यात कसं टाकता?

माधवी_अक्रा

मी गेली काही वर्षं अक्र्यात राहते. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांत एक गोष्ट वाचायला मिळाली नाही, ती म्हणजे मुली. ॲनी जियागे अचिमोटात अध्यापिका म्हणून तयार झाल्या, मग कायदा शिकल्या आणि घानाच्या उच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. सुझाना अल-हसन उत्तरेकडच्या तमालेच्या. त्याही अचिमोटात शिकल्या आणि एन्क्रुमांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाल्या, घानाच्या पहिल्या स्त्री मंत्री. मुलींना शाळेत घातलं तरी निराळ्या, कॉन्व्हेंट पद्धतीच्या शाळेत, असा जमाना होता तो. मुलग्यांच्याच बाकावर बसून विज्ञान शिकायला मिळणं ही गोष्ट गव्हर्नरची सही म्हणून उडवून लावू नका, रानवाट.

पण किनारादादा, शंभरी साजरी करताना २०२१ विसरू नका. त्या वर्षी मार्च महिन्यात श्रद्धेने जटा राखणाऱ्या रास्ताफारी पंथातल्या दोन मुलांना अचिमोटात जागा मिळाली होती आणि शाळेने सांगितलं, जटा कापा, नाहीतर प्रवेश नाही. शिक्षण खात्याने आधी प्रवेश द्यायला सांगितलं, मग तेही फिरलं. इथे टॅक्सीत, बाजारात, ऑफिसात, सगळीकडे त्यावरच बोलणं चालू होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि ३१ मे २०२१ ला उच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. श्रद्धेचा भाग असलेल्या केसांसाठी शिक्षण नाकारता येणार नाही, असा.

देशी वस्त्रासाठी नोकरी गमावलेल्या आमूंना ज्या शाळेने आसरा दिला, तिनेच नव्वद वर्षांनी केसांसाठी पोरांना दारात अडवावं, याचं मला आजही वाईट वाटतं. इथल्या शाळांत मुलींचेही केस अगदी बारीक कापतात. 'शिस्त' म्हणून सगळे ते मान्य करतात. वसाहतीचा वारसा शोधायचा असेल तर तो इमारतींत कमी आणि या नियमांत जास्त सापडेल.

शाळामास्तर

माधवीताई, शिस्तीच्या बाजूने दोन शब्द बोलू द्या. निवासी शाळेत देशभरातून, वेगवेगळ्या घरांतून मुलं येतात. सारखे कपडे, सारखे केस यामुळे मंत्र्याचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा ओळखू येत नाहीत, हा त्यातला चांगला हेतू आहे. माजी विद्यार्थ्यांतले बरेच जण त्यावेळी शाळेच्या बाजूने उभे राहिले ते याच भावनेने. त्यांना सरसकट साहेबाचे वारस म्हणणं अन्यायाचं होईल. मात्र धर्माचा प्रश्न आला की नियमाने वाकलं पाहिजे, तिथे कोर्टाचं बरोबर आहे.

माधवी_अक्रा

शेतमजुराचा मुलगा तिथे पोचतो का, हाच तर खरा प्रश्न आहे, मास्तर. इथे नववीच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षा होते आणि गुणांवर, संगणकाने शाळा मिळते. २०१७ पासून उच्च माध्यमिक शिक्षण फुकट झालं, ही फार मोठी गोष्ट घडली. पण वरचे गुण मिळतात ते बहुतेक महागड्या खाजगी प्राथमिक शाळांतल्या पोरांना. म्हणून सरकारी शाळांतून आलेल्यांसाठी नामांकित शाळांत तीस टक्के जागा राखीव ठेवाव्या लागल्या. त्या राखीव जागांमुळे शाळेचा दर्जा घसरेल अशी कुजबुज मी स्वतः ऐकली आहे. ऐकून अंगाचा तिळपापड होतो. कोकोवाल्यांच्या पैशाने बांधलेल्या शाळेत कोकोवाल्यांच्या नातवंडांनी यायचं नाही, असंच म्हणणं झालं ना ते?

किनारा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

कोकोच्या कराचं रानवाट यांचं म्हणणं मान्य, ते वाक्य मी बदलतो. शंभरीच्या समारंभात कोको पिकवणाऱ्यांचं नाव संस्थापकांच्या बरोबरीने घेतलं जावं, हेही मान्य. पण पैसा हाती असूनही तो कशावर खर्च करायचा, हे कुणीतरी ठरवतं. तेच कराचे पैसे लष्करावर, गव्हर्नरच्या बंगल्यांवर, खाणींकडे जाणाऱ्या रुळांवरही गेले असते. त्या माणसाने शाळा निवडली. ती निवड त्याची होती आणि तिचं श्रेय मी त्याच्याकडून काढून घेणार नाही.

विद्यापीठाबद्दल. १९४८ मध्ये गोल्ड कोस्टचं विद्यापीठ महाविद्यालय सुरू झालं ते अचिमोटाच्याच आवारात, मग ते जवळच्याच लेगॉनच्या टेकडीवर गेलं. १९५२ च्या सुमाराला अचिमोटाचा अभियांत्रिकी विभाग कुमासी शहरात हलवला आणि त्यातून तिथलं तंत्रविद्यापीठ उभं राहिलं. केसली हेफर्डांनी १९११ मध्ये जे मागितलं ते याच शाळेच्या पोटातून जन्माला आलं. ते बघायला ते हयात नव्हते, याची खंत मलाही आहे.

रानवाट

लेगॉन आणि कुमासीचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही.

पण माधवीताईंनी तमालेचं नाव घेतलं म्हणून विचारतो. तमालेला सरकारी माध्यमिक शाळा निघाली १९५१ मध्ये. अचिमोटाच्या चोवीस वर्षांनंतर! तोवर उत्तरेतल्या सुझानाला माध्यमिक शिक्षणासाठी सगळा देश ओलांडून समुद्रकाठी यावं लागलं. तिच्याबरोबरीच्या ज्या मुली येऊ शकल्या नाहीत त्यांचं काय? उत्तरेकडची माणसं किनाऱ्याला खाणीत आणि कोकोच्या मळ्यात राबायला यावीत, एवढाच त्या भागाचा उपयोग त्या सरकारला दिसत होता. शाळा मुद्दाम कमी काढल्या गेल्या. एका आवारावर सहा लाख पौंड ओतण्याची निवड त्याची होती म्हणता ना किनारा, मग उत्तरेला काही न देण्याची निवडही त्याच कचेरीत झाली. दोन्ही एकाच सहीखाली लिहा. आजही घानातला उत्तर-दक्षिण फरक शिक्षणात दिसतो आणि तिथल्या पालकांना त्याची कारणं माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत.