‘संवादात शब्द फक्त ७ टक्के’ हे मुलांना शिकवू नका

फोंड्याचा मास्तर:
गेल्या आठवड्यात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर गोल आकृती आली: शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. हॉलमधल्या सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली. आता ती नववी-दहावीच्या वर्गात जाणार आणि वक्तृत्व स्पर्धेत मुलं ती ठासून सांगणार.

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतले. प्रयोगात सुटे शब्द होते. एकात तर ‘मेबी’, म्हणजे ‘कदाचित’, हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. भावना आणि आवडनिवड सोडून बाकी बोलण्याला हे समीकरण लागू नाही, हे मेहराबियन यांनी स्वतः बजावलेलं आहे.

आज रात्री आवाज बंद करून टीव्हीवरच्या बातम्या बघा. ५५ टक्के तर समोर दिसतायत. उद्या पाणी कुठल्या तालुक्यात बंद राहणार, ते सांगा बघू.

रंगकर्मी, माशेल:
सर, मी वीस वर्षं उत्सवातल्या नाटकांत काम करतोय. मला हे पटत नाही. ‘या’ हा एक शब्द घ्या. व्याह्यांना ‘या’, दारात आलेल्या सावकाराला ‘या’, आणि घर सोडून गेलेला मुलगा उंबऱ्यावर उभा असताना बापाच्या तोंडून निघालेलं ‘या’. अक्षर एकच. बाया पदर डोळ्याला लावतात ते त्या सुरामुळे. शब्द पाठ करणारे ढीगभर मिळतात, त्यांना पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही. आकडा चुकला असेल, मूळ गोष्ट खरीच आहे.

फोंड्याचा मास्तर:
तुमच्या ‘या’बद्दल वादच नाही. मेहराबियननी नेमकं तेच मोजलं: एक शब्द, अनेक सूर. पण तुमच्याच रंगमंचावर विंगेत प्रॉम्प्टर का बसतो? आमच्या उत्सवात एका चांगल्या नटाचे दुसऱ्या अंकात शब्द गेले. हात उचललेला, डोळे भरलेले, मुद्रा जागच्या जागी. आधी प्रेक्षकांना ते विरामच वाटले. मग पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. विंगेतून तीन शब्द आले आणि अंक पुन्हा चालू लागला. सूर आणि मुद्रा शब्दावर स्वार होतात. शब्दच नसेल तर त्यांनी काय वाहायचं?

म्हापसा बाजार:
मी कपडे विकतो. मोसमात रशियन गिऱ्हाईक येतं, त्यांचं मला कळत नाही, माझं त्यांना नाही. कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतो, ते मान हलवतात, खाली दुसरा आकडा मारतात. धंदा होतो. मग शब्द एवढे मोठे कसे?

डिचोलीची बाय:
दादा, कॅल्क्युलेटरवरचा आकडा हाही शब्दच झाला ना, फक्त लिहिलेला. आणि तुमचं काम खुणांवर भागतं कारण दुकान आहे, माल आहे, भाव करायचाय हे दोघांनाही आधीच ठाऊक आहे. आपण घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. शब्द येण्याचा, माणूस चाललेला. तरी कोणी गोंधळत नाही, कारण तो रिवाज आपल्या सगळ्यांचा आहे.

मी कर्णबधिर मुलांना शिकवते, म्हणून या ५५ टक्क्यांचा मला फार त्रास होतो. पालक येतात आणि म्हणतात, ‘हातवारे करतो, भाषा कधी येणार?’ अहो, तीच त्याची भाषा आहे! भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्न विचारताना भुवया कशा ठेवायच्या, याचेही नियम आहेत. तिच्यासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये वेगळी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था काढली. तिला ‘देहबोली’ म्हटलं की मुलाचे शब्दच आपण मोजत नाही.

परिचारिका, पेडणे:
देहबोली खोटं बोलत नाही म्हणतात, त्यावर माझं सांगते. गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगताना म्हाताऱ्या बाया प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. ती मान मला मान देण्यासाठी असते, समजल्याची खूण नव्हे. आता मी ‘कळलं ना?’ विचारतच नाही. ‘आई, घरी सुनेला काय सांगशील?’ असं विचारते. परवा एकीने सकाळची आणि रात्रीची गोळी उलट सांगितली. मान मात्र पूर्ण वेळ डोलत होती.

फोंड्याचा मास्तर:
ताई, अगदी हेच. सांगणाऱ्याला वाटतं पोचलं. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील. १२० पैकी ३ ओळखली गेली. चवथीला आपण मांडीवर घुमट या वाद्याचा ताल धरतो तेव्हा आपल्या डोक्यात अख्खी आरती चालू असते. शेजारच्याला नुसती थाप ऐकू येते.

रंगकर्मी, माशेल:
प्रॉम्प्टरचं मान्य करतो. पण पोरांना सूर शिकवूच नका असं कोणी यातून काढलं, तर मी पुन्हा भांडायला येईन. आमच्याकडे तालमीला येणारी मुलं वाक्य बिनचूक म्हणतात आणि समोरच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

म्हापसा बाजार:
सर, प्रशिक्षणवाल्यांना हे कळवलंत का?

फोंड्याचा मास्तर:
कालच पत्र टाकलं, दोन पानी. उत्तर आलं की इथे लिहितो.