घरामागच्या उतारावरचं रान कसं आवरायचं? गुडघ्यामुळे चढता येत नाही

परसदार_राजापूर
नमस्कार. आमचं घर राजापूर तालुक्यात, मागच्या बाजूला चढण आहे. घर बांधताना जेसीबीने कापली तेव्हापासून तिथे मोकळी माती, साधारण ४० फूट लांब आणि वर जाईपर्यंत २० फूट तरी असेल. खाली आमची विहीर. माझं वय ६७, दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सपाटीवर बरी चालते पण उतारावर पाय टेकत नाही, आणि ह्यांना चक्कर येते म्हणून त्यांना मी चढूच देत नाही. मुलगा पुण्याला, गणपतीला नि मे महिन्यात येतो. पाऊस सुरू झाला की टाकळा, लाजाळू, वरच्या अंगाला घाणेरी आणि रानमोडी, ऑगस्टपर्यंत माणसाच्या उंचीचं होतं. गेल्या वर्षी त्यात फुरसं (विषारी साप) निघालं, त्यामुळे हात घालायची हिंमत होत नाही. एकाने तणनाशक मारा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मीठ टाका, तिसऱ्याने प्लास्टिक अंथरा. काय करू?

कातळमाती
काकू, आधी नको ते सांगतो. मीठ अजिबात नको, पावसात ते विरघळून विहिरीकडेच जाणार, आणि जिथे राहील तिथे पुढे काही रुजणार नाही. तणनाशकाचंही तेच, उताराच्या पायथ्याशी पिण्याची विहीर असताना कोणीही मारू नये. त्यातून ग्लायफोसेट हे तणनाशक तर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं असा आदेश केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढला होता, घरच्या घरी पंप घेऊन मारायची वस्तू नाही ती.
आणि प्लास्टिक. आम्ही अंथरलं होतं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कागदाच्या खालून घुसलं, माती घेऊन गेलं आणि अख्खा कागद फुगून खाली आला. वर पाय पडला असता तर माणूस सरळ घसरत खाली.

मुख्य गोष्ट अशी की उतार मोकळा करायचाच नाही. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मोकळी केलेली माती जुलैतच वाहून जाते. तण मुळासकट उपटू नका, कापा. मुळं मातीत राहू देत, ती माती धरतात. हळूहळू तिथे आपल्याला हवं ते वाढवायचं म्हणजे तणाला जागाच कमी पडते.

गडगा_आणि_वाळा
वरच्याशी सहमत, आणि "हवं ते" म्हणजे वाळा, खसाचं गवत. आमच्या चढणीला मी लावलाय, आता सहावं वर्ष. मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत, आणि हरळीसारखा पसरत नाही, एका जागी ठोंब राहतो. आडव्या ओळी लावायच्या, वरून खाली नाही. पाण्याच्या नळीने लेव्हल काढायची, गवंडी काढतात तशी, ती नीट काढली नाही तर पाणी ओळीच्या एका टोकाला जमून तिथूनच ओघळ पडतो (आमची पहिली ओळ अशीच गेली). ठोंब अर्ध्या वीतीच्या अंतराने, पहिला पाऊस पडला की लगेच. दोन ओळींमध्ये एक-दीड मीटर उंचीचा फरक ठेवला तर तुमच्याकडे चार ओळींत काम होईल. ओळींच्या मागे नारळाची सोडणं, झावळ्या आणि पातेरा (वाळका पाला) टाकायचा, वाळा त्याला धरून ठेवतो, घसरत नाही. वर्षातून दोनदा ठोंब फूटभर ठेवून कापायचे, कापलेलं तिथेच अंथरायचं.
झावळ्या अडवायला खुंट्या ठोकणार असाल तर बांबूच्या घ्या, गिरिपुष्पाच्या ठोकल्या तर फुटतात नि झाडं होतात.
वेडेलियाची पिवळी फुलं बघून कोणी लावू नका, ती पसरली की काढणं अवघड.

दोन_काठ्या
ताई, मी ७१, दोन्ही गुडघ्यांनी अधू, म्हणून तुम्ही काय करू शकता तेवढंच लिहिते. उतारावर चढायचं नाही, हे मनाशी ठरवून टाका. सपाटीवरून हात पोचेल तेवढी खालची पट्टी आपली, बाकी मजुराची. लांब बांबूच्या दांड्याला विळा घट्ट बांधून घेतलाय, स्टूलवर बसून पट्टी कापते, सकाळी अर्धा तास, रोज थोडं. आधी काठीने गवत हलवायचं आणि थोडं थांबायचं, फुरसं असेल तर त्याच्याजवळ आपले पाय नसावेत, शिवाय गमबूट. ओलं असेल त्या दिवशी काम बंद. दोन वर्षांनी खालची पट्टी आपोआप कमी व्हायला लागली कारण मी बी धरू देत नाही.

वरच्यासाठी वर्षातून दोनदा ग्रासकटरवाला बोलवते. एकदा ऑगस्टअखेर, टाकळ्याला शेंगा पिकायच्या आत, आणि एकदा ऑक्टोबरअखेर, रानमोडीला फुलं यायच्या आत. फुलून वाऱ्यावर बी उडालं की पुढच्या वर्षी दुप्पट. कटरवाल्याला सांगायचं की आडवं चाल, आणि चष्मा लाव, जांभ्याचे खडे उडतात. त्यावेळी आपण खाली उभं राहायचं नाही. घाणेरी मात्र कापून मरत नाही, बुडातून फुटते, तिचं खोड बुडाशी तोडून फुटवे दर महिन्याला तोडत राहावं लागतं, ते मजुराकडूनच. मुलगा मे महिन्यात येतो ना, तर वाळ्याच्या ओळी त्याच्याकडून आखून घ्या, पावसाच्या आधी.

कातळमाती
एक राहिलं. जेसीबीने कापलेली दरड आहे म्हणून सांगतो, वरच्या काठाला भेग दिसली, किंवा पावसात नवीन जागेतून गढूळ पाणी यायला लागलं, तर तणाचं राहू दे, मागच्या खोलीत झोपू नका आणि ग्रामपंचायतीला कळवा. वाळा वरवरची माती धरतो, अख्खी दरड नाही, तिला पायथ्याशी गडगा (दगडांचा बांध) बांधून घ्या आणि पाणी बाजूने काढून द्या.

परसदार_राजापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काठाला भेग बघायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, आज ह्यांना बाजूच्या पायवाटेने वर नेऊन बघते, नाही, शेजारच्या मुलाला पाठवते. मीठ आणलं होतं तीन किलो, ते लोणच्याला लावते. वाळ्याचे ठोंब कुठे मिळतील, कोणाकडे शिल्लक असतील तर कळवा, मी जूनपर्यंत थांबते.

गडगा_आणि_वाळा
माझ्याकडे ५० तरी निघतील, राजापूर लांब नाही. दोन दिवस आधी कळवा, ओल्या गोणपाटात बांधून ठेवतो.